गणवेशाचा छोटा कारखाना आणि एआय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान सोलापुरातल्या लहान गणवेश कारखानदारांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. दहा ते साठ मशिनी, कापड इचलकरंजी, भिलवाडा नाहीतर सुरतेचं, काज-बटण आणि फिनिशिंग बाहेर, माल महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण, आंध्रातल्या व्यापाऱ्यांकडे आणि खरी धावपळ मार्च ते जून. उल्हासनगरच्या जीन्सवाल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल, पण उदाहरणं गणवेशाचीच आहेत.

एआय म्हणजे आमच्याकडे नेमकं काय येणार? शिवणारा रोबो?

नाही. कापड लुळं असतं. उचललं की दुमडतं, ओढलं की ताणतं, आणि यंत्राला ते पकडून सरळ शिलाई मारणं अजूनही जड जातं. कॉलर लावणारा कारागीर बोटांनी जे करतो ते करणारं यंत्र आपल्या बजेटात तरी नाही.

लहान कारखान्यात एआय येतं ते शिलाईच्या आधी आणि नंतर. कुठल्या साइजचा किती माल लागेल याचा अंदाज बांधायला, व्हॉट्सअॅपवर आलेली ऑर्डर वाचून तक्ता करायला, कापडातला दोष कॅमेऱ्याने पकडायला, आणि कापड कधी मागवायचं, कुठला लॉट आधी कापायचा हे ठरवायला. विक्रेते याशिवाय आणखी बऱ्याच गोष्टींवर एआयचा शिक्का मारतात. मार्कर, म्हणजे कमीत कमी कापड वाया जाईल अशी कापायच्या भागांची मांडणी, बसवणारं सॉफ्टवेअर कित्येक वर्षं बाजारात आहे, ते मुळात गणित आहे आणि चांगलं गणित आहे. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, रिपोर्ट रंगीत करून दाखवला की तोही हल्ली एआय होतो. तेव्हा डेमो बघताना एकच विचारा: हे घेतल्यावर माझ्या कारखान्यात कोण, कुठलं काम, आजच्यापेक्षा वेगळं करणार?

वीस मशिनींच्या धंद्याला हे कशाला? आमचा अंदाज आम्हाला पुरतो.

एकूण मालाचा अंदाज पुरतो, मान्य. वर्षानुवर्षं तेच व्यापारी, त्याच शाळा. एकूण आकडा सहसा फार चुकत नाही. चुकतो तो साइजचा.

समजा पांढऱ्या हाफ शर्टाचे दहा हजार नग काढले आणि साडेनऊ हजार विकले. कागदावर सीझन झकास. पण उरलेल्या पाचशेत २२, २४ आणि ४२ च भरलेत, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ३० आणि ३२ साठी रोज फोन येत होते, त्यांना ‘संपला’ म्हणून सांगावं लागलं. त्या व्यापाऱ्याने ३२ दुसऱ्याकडून उचलला आणि सोबत पँटही तिथूनच घेतली. हे नुकसान कुठल्याच वहीत दिसत नाही. पांढरा शर्ट निदान पुढच्या वर्षी खपतो, पिवळट पडला नसेल तर. एखाद्या शाळेच्या ठरावीक चेक्सचा माल मात्र शाळेने गणवेश बदलला की कुणाच्याच कामाचा राहत नाही.

म्हणून आमचा सरळ सल्ला असा: एआयवर पहिला रुपया घालायचा तो साइजच्या अंदाजावर. कॅमेरे, डॅशबोर्ड, ट्रॅकिंग हे सगळं नंतर.

साइजचा अंदाज हे लावतं कसं?

मागच्या विक्रीत एक घडी असते, ती शोधून. कुठल्या व्यापाऱ्याकडे कुठली साइज किती टक्के जाते, ऑर्डर कधी यायला लागते, पहिल्या ऑर्डरनंतर रिपीट किती येते, हे सॉफ्टवेअर पाहतं आणि पुढच्या सीझनसाठी आकडा देतं. खरं मोल येतं ते या आकड्यांसोबत तुम्ही आणखी काय पुरवता त्यावर.

पहिली गोष्ट तारखा. आपल्या गिऱ्हाइकांच्या शाळा एका दिवशी उघडत नाहीत. सीबीएसईच्या बऱ्याच शाळा एप्रिलमध्येच सुरू होतात, कर्नाटकात मेअखेर किंवा जूनच्या तोंडावर, तेलंगण-आंध्रात साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, महाराष्ट्रात जूनच्या मध्याला आणि विदर्भात त्यानंतर. सॉफ्टवेअरला फक्त महिना दिला तर ते कलबुर्गीची आणि नागपूरची मागणी एकाच पोत्यात भरेल. ‘शाळा उघडायला किती दिवस राहिले’ असा रकाना दिला तर तीच विक्री एकदम सुसंगत दिसायला लागते.

दुसरी गोष्ट, मुलं मोठी होतात. ऐकायला फालतू वाटेल, पण गणवेशाचा धंदा याच्यावर उभा आहे. तुमचा व्यापारी दरवर्षी त्याच बारा शाळांना माल देत असेल, तर दोन वर्षांपूर्वी जिथे २४ चा फुगवटा होता तिथे आता २६-२८ चा दिसायला हवा. शाळांची वर्गवार पटसंख्या मिळाली तर सोनंच. ती मिळत नसेल तर व्यापाऱ्याला एवढंच विचारा की यंदा पहिलीला तुकडी वाढली की कमी झाली.

तिसरी गोष्ट सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला कधीच ठाऊक नसते: आपल्याकडे आई-वडील वाढत्या अंगाचा शर्ट घेतात. गावाकडच्या दुकानात २८ च्या पोराला ३० सर्रास जातो, दोन वर्षं निघावा म्हणून. शहरातल्या इंग्रजी शाळेत, जिथे दुकानदार मुलाला उभं करून माप घेतो, तिथे असं कमी होतं. म्हणून मुलांच्या वजन-उंचीच्या तक्त्यांवरून साइज काढणारं कुठलंही तयार मॉडेल आपल्याकडे फसतं. तुमच्या स्वतःच्या विक्रीत ही सवय आपोआप उतरलेली असते. व्यापारीवार साइजचं प्रमाण वेगवेगळं ठेवा, सगळ्यांची सरासरी काढू नका.

किती वर्षांचा डेटा लागतो? कोविडच्या वर्षांचं काय करायचं?

तीन सीझनचा साइजवार हिशेब असला तर काम सुरू होतं, पाच असले तर बरं. २०२० आणि २०२१ चे सीझन शाळा बंद असल्याने गेले. ते आकडे तसेच आत गेले तर सॉफ्टवेअरला वाटेल की गणवेशाची मागणी अधूनमधून शून्यावर येते, आणि ते सगळेच अंदाज खाली ओढेल. ती दोन वर्षं वगळा किंवा ‘शाळा बंद’ अशी खूण करून द्या. त्यानंतरच्या २०२२ च्या सीझनलाही डोळे झाकून नेहमीचं वर्ष धरू नका. दोन वर्षं घरी बसलेल्या मुलांना सगळंच नवीन लागलं, आणि मधल्या साइज उडी मारून गेल्या.

पण आमच्याकडे डेटाच नाही. सगळं वहीत आणि डोक्यात.

डेटा आहे, विखुरलेला आहे. बिल टॅलीत, साइजचं ब्रेकअप चलनावर (मालासोबत जाणाऱ्या पावतीवर), रिटर्न मालाची नोंद गोदामातल्या वहीत आणि बदललेली ऑर्डर फोनमध्ये. एखाद्या कारखान्याची टॅली उघडली की एकच माल असा दिसतो: ‘व्हाइट शर्ट हाफ’, ‘व्हा. हाफ शर्ट’, ‘शर्ट पांढरा एच/एस’, ‘हाफ व्हाइट (नवीन)’. चौथं नाव नवीन मुनीमजींनी घातलेलं असतं. माणसाला कळतं हे सगळं एकच. सॉफ्टवेअरच्या लेखी हे चार वेगळे माल, आणि चारही थोडे थोडे विकले जाणारे.

तेव्हा पहिलं काम संगणकाचं नाहीच. एक यादी करा: माल, कापड, रंग, बाही, साइज. प्रत्येकाला एकच कोड. यापुढे चलन, बिल, गठ्ठ्यावरची चिठ्ठी, सगळीकडे तोच. जुन्या चलनांचे फोटो काढून ते वाचून घ्यायला हल्लीची एआय साधनं बऱ्यापैकी उपयोगी पडतात, छापील चलनावर चांगली, हाताने लिहिलेल्यावर तपासून घ्यावं लागेल इतपत. मराठी ५ आणि ६, किंवा घाईत लिहिलेला इंग्रजी १ आणि ७ यांच्यात ती हमखास घसरतात. सोपी चाळणी अशी: साइजवार नगांची बेरीज चलनाच्या एकूण नगांशी जुळली पाहिजे. जुळत नाहीत तेवढीच चलनं माणसाने बघायची.

आणि आजपासून एक नवी वही घाला. तिच्यात ‘नाही म्हटलेला माल’ लिहायचा. व्यापाऱ्याने ३२ चे सहा डझन मागितले, तुमच्याकडे नव्हते, तर तारीख, साइज, डझन लिहून टाका. आपली सगळी विक्रीची नोंद म्हणजे आपण जे देऊ शकलो त्याची नोंद आहे, लोकांना काय हवं होतं त्याची नव्हे. ३२ संपला की विक्रीत ३२ कमी दिसतो, सॉफ्टवेअर पुढच्या वर्षी ३२ कमी सुचवतं, आणि तो आणखी लवकर संपतो. बाजारातलं महागातलं महाग सॉफ्टवेअरही ही वही नसेल तर याच चक्रात अडकतं. सीझनच्या गर्दीत ही वही भरायचा सगळ्यांना कंटाळा येतो, ठाऊक आहे. फोन घेणाऱ्या माणसाच्या हाताशीच ठेवा.

व्हॉट्सअॅपवरच्या ऑर्डरी एआय वाचू शकतं का?

हो, आणि रोजच्या कामात सगळ्यात लवकर फायदा इथेच दिसतो. एक नेहमीसारखी ऑर्डर घ्या:

‘दादा पांढरा हाफ २८ ते ३६ सरसकट ५-५ डझन, ३२ डबल. निळी पँट मागच्यासारखीच. शनिवारच्या गाडीत टाका.’

पहिलं वाक्य चांगला चॅटबॉट व्यवस्थित उलगडतो: २८, ३०, ३४, ३६ प्रत्येकी ५ डझन, ३२ चे १० डझन, एकूण ३० डझन, म्हणजे ३६० नग. फक्त आपल्याकडे साइज सम आकड्यांतच असतात हे त्याला आधी सांगितलेलं हवं, नाहीतर तो २९ आणि ३१ ही घालेल आणि अगदी ऐटीत घालेल. दुसऱ्या वाक्याला त्याच्याकडे उत्तर नाही. ‘मागच्यासारखीच’ म्हणजे मागच्या महिन्यासारखी की मागच्या सीझनसारखी, हे तुम्हाला कळतं कारण तुम्ही त्या माणसाला ओळखता. इथे चॅटबॉटने रकाना रिकामा सोडून विचारलं पाहिजे. अशी सूचना स्पष्ट लिहून द्या: माहिती नसेल तर भरू नकोस, ‘विचारा’ असं लिही.

तक्ता तयार झाला की तोच व्यापाऱ्याला परत पाठवा आणि ‘ओके’ आल्याशिवाय कटिंगला देऊ नका. कन्नड, तेलुगूमिश्रित मेसेज आणि व्हॉइस नोटही वाचून-ऐकून घेता येतात, पण व्हॉइस नोटमधले आकडे दोनदा तपासा. मागे ट्रकचा हॉर्न वाजत असतो.

माझा मुलगा म्हणतो, चॅटबॉटलाच विचारू पुढच्या वर्षी किती माल काढायचा.

मुलाला विचारा, तो चॅटबॉट काय खाऊन सांगणार? चॅटबॉट भाषेचं यंत्र आहे. तुमचे आकडे न देता विचारलंत तर ते आत्मविश्वासाने एक आकडा सांगेल, आणि तो आकडा कुठूनही आलेला नसेल. मुलाचा उत्साह मात्र वाया घालवू नका. विक्रीचा तक्ता एक्सेलमध्ये घालायचा, त्यावर साइजवार प्रमाण आणि वाढ-घट काढायची सूत्रं चॅटबॉटकडून लिहून घ्यायची, हे तो आठवड्याभरात शिकेल. पन्नास मालांच्या कारखान्याला पहिलं वर्ष एवढं पुरतं.

अंदाज बरोबर आहे की नाही हे सीझनआधी कसं ओळखायचं?

झालेला सीझन लपवून. सॉफ्टवेअरला २०२२ ते २०२४ चे आकडे द्या, २०२५ चे देऊ नका, आणि २०२५ सांगायला लावा. मग प्रत्येक साइजला अंदाज आणि खरी विक्री यांतला फरक काढा, अधिक-उणे न बघता सगळे फरक बेरजेत घ्या. एका साइजला शंभर जास्त आणि दुसऱ्या साइजला शंभर कमी म्हणजे चूक शून्य नव्हे, दोनशे.

हीच बेरीज आणखी दोन अंदाजांसाठी करा: ‘मागच्या वर्षीइतकाच’ हा बिनडोक अंदाज आणि तुमच्या कटिंग मास्तरांनी कागदावर लिहून दिलेला अंदाज. सॉफ्टवेअर बिनडोक अंदाजालाही हरवत नसेल तर विक्रेत्याला चहा पाजून परत पाठवा. हा प्रयोग करायला जो विक्रेता का-कू करतो त्याच्याशी पुढे बोलूच नये.

कापड तपासायचा कॅमेरा घ्यावा का?

पहिल्या दोन वर्षांत तरी नको. मोठ्या गिरणीत किंवा प्रोसेस हाउसमध्ये, जिथे एकाच जातीचं कापड मैलोगणती यंत्रावरून जातं, तिथे कॅमेरा शोभतो. तुमच्याकडे आज सुटिंग, उद्या चेक्स, परवा पांढरं. चेक्सवर तर साधी चौकट आणि विणीतला दोष यांत कॅमेऱ्याची गल्लत व्हायला वेळ लागत नाही.

त्याऐवजी चांगल्या उजेडाचं तपासणी टेबल आणि चार गुणांची जुनी पद्धत. तीन इंचांपर्यंतच्या दोषाला १ गुण, तीन ते सहाला २, सहा ते नऊला ३, नऊच्या वर ४. शंभर चौरस यार्डांत चाळीसच्या वर गुण गेले तर तागा नाकारायचा, हा सर्वसाधारण संकेत. प्रत्येक ताग्याचे गुण पुरवठादाराच्या नावापुढे लिहीत गेलात की वर्षभरात कुणाचं कापड कसं आहे याचा पुरावाच हातात येतो, आणि दराच्या बोलणीत तो कॅमेऱ्यापेक्षा जास्त कामाला येतो. शेडचं मात्र वेगळं बघा. एकाच शाळेच्या पँटा दोन लॉटच्या कापडातून निघाल्या तर प्रार्थनेच्या रांगेत दोन निळे दिसतात आणि व्यापारी अख्खा गठ्ठा परत पाठवतो. ताग्यावर लॉट नंबर, बंडलवर लॉट नंबर, याला कॅमेरा लागत नाही.

कटिंगमध्ये काही वाचेल का?

वाचेल, कारण नगाच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा कापडाचाच. समजा सीझनला दहा हजार मीटर शर्टिंग, मीटरला ९० रुपये. मार्कर चांगला बसून दोन टक्के कापड वाचलं तर दोनशे मीटर, म्हणजे अठरा हजार रुपये. यावरून तुमचं सॉफ्टवेअरचं गणित तुम्हीच मांडा. लहान कारखान्याने महागडा परवाना घेण्यापेक्षा बाहेरून नगावर मार्कर काढून देणारा गाठावा. ताग्याच्या शेवटी उरणारे तुकडे कमी करायला कुठला तागा कुठल्या लेअरला (कापायला एकावर एक पसरलेल्या थराला) लावायचा, हे नियोजन बऱ्याचदा जास्त कापड वाचवतं.

पुरवठादार काहीच सांगत नाहीत. ‘आठ दिवसांत निघेल’ म्हणतात आणि महिना जातो.

त्यांनी सांगायची वाट बघू नका, तुम्ही लिहा. ऑर्डरची तारीख, कबूल केलेली तारीख, माल दारात आलेली तारीख, किती मीटर कमी आलं. प्रत्येक पुरवठादाराच्या वीस-पंचवीस नोंदी झाल्या की कळतं, याचे ‘आठ दिवस’ म्हणजे बावीस दिवस. कुठला अंदाज किती आधी हवा हे यावरून ठरतं. इथे एआय लागत नाही, एक्सेलमध्ये काढलेला मधला आकडा (मीडियन) पुरतो. दिवाळीनंतरचा सुरतेचा थंडावा, होळीला आणि लग्नसराईत गावी जाणारे कामगार, हे दिवस वेगळे रंगवून ठेवा.

उशिराची आणखी एक बाजू आपल्यामुळेच घडते. दुकानदार टंचाईच्या भीतीने दीडपट मागतो, व्यापारी त्यावर थोडं चढवतो, आपण कापड मागवताना आणखी थोडं. यंत्रमागापर्यंत पोचेस्तोवर मागणी फुगून बसलेली असते, आणि जुलैत सगळ्यांच्या ऑर्डरी एकदम रद्द होतात. इचलकरंजीवाल्याला दोनदा असा दणका बसला की तिसऱ्या वेळी तो तुमच्या ऑर्डरीवर विश्वास ठेवत नाही. एखाद-दोन भरवशाच्या व्यापाऱ्यांकडून दर आठवड्याला ‘दुकानातून खरंच किती गेलं’ एवढा आकडा मिळवता आला तर बघा. बदल्यात त्यांना कमी पडलेली साइज आधी द्या. फुकट माहिती कोण देणार?

घरी शिवणाऱ्या बायका आणि जॉबवर्कवाले यांनाही यात घ्यायचं का?

बंडलवर क्यूआर चिठ्ठी लावून, देताना आणि घेताना फोनने स्कॅन करणं सोपं आणि स्वस्त आहे. कुठला लॉट कुणाकडे किती दिवस पडून आहे ते दिसतं. जॉबवर्कला गेलेला माल जीएसटीच्या नियमाने वर्षभरात परत यावा लागतो, त्याचाही हिशेब आपोआप राहतो. मात्र स्कॅन झालं की त्या बाईच्या फोनवरही नगांचा मेसेज गेला पाहिजे. मजुरीचा वाद नेहमी ‘मी बारा दिले, तुम्ही दहा लिहिले’ यावरूनच होतो, आणि नोंद फक्त मालकाकडे असेल तर यंत्र आणूनही वाद तोच.

मशिनीवर बसलेल्या बायकांवर कॅमेरा रोखून त्यांचे हात किती वेळ थांबले हे मोजणारी साधनंही विकायला येतात. आमच्या मते ती घेऊ नयेत. सीझनमध्ये कारागीर टिकवणं हीच मारामार आहे. अशा कॅमेऱ्याखाली बसायचं म्हटलं तर ती शेजारच्या कारखान्यात जाईल, आणि तिचं बरोबरच असेल.

सरकारी निर्णय, कर, असलं काही एआयला आधी कळतं का?

नाही कळत. २०२४-२५ मध्ये राज्य सरकारने ‘एक राज्य एक गणवेश’ आणलं, कापड मध्यवर्ती पद्धतीने आणि शिलाई महिला बचत गटांकडे. माल उशिरा पोचला, मापांच्या तक्रारी आल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुढच्या वर्षासाठी गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे द्यायचं ठरलं. मागच्या विक्रीवरून यातलं एकही वळण कुणाला दिसलं नसतं. आपल्याच गावातल्या टॉवेल निर्यातदारांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेचं शुल्क ५० टक्क्यांवर गेलेलं पाहिलं, तेही तसंच. सरकारी पुरवठ्याचा माल अंदाजात मिसळू नका, त्याचा वेगळा रकाना ठेवा.

करातले बदल हाताने भरावे लागतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांना ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. आधी ही रेघ हजार रुपयांवर होती. शर्ट-पँटला फरक नाही, पण ब्लेझरवाल्यांनी जुन्या किमतींवर चालणारं सॉफ्टवेअर तपासून घ्यावं.

उधारीचं काय? पैसे कधी येतील हे सांगतं का?

कुठला व्यापारी साधारण किती दिवसांनी देतो हे टॅलीतल्या तारखांवरून सहज निघतं, आणि कापड कधी मागवायचं याच्याशी ते जोडून बघायलाच हवं. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाचं बिल करार नसेल तर १५ आणि असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिलं नाही, तर देणाऱ्याला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते, हा आयकराचा नियम (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच)) सगळ्यांना माहीत झालाय. तो तुमच्या बाजूने आहे तसाच इचलकरंजीच्या लहान कारखानदाराचं तुम्ही देणं लागत असाल तर तुमच्यावरही आहे, हे सोयीने विसरलं जातं.

आमचे दर, गिऱ्हाइकं बाहेर फुटतील का?

काळजी रास्त आहे. फुकट चॅटबॉटमध्ये घातलेला मजकूर पुढे प्रशिक्षणाला वापरला जाऊ शकतो; सेटिंगमध्ये ते बंद करता येतं का ते आधी बघा. व्यापाऱ्यांच्या नावाऐवजी कोड वापरा, दराचा रकाना अंदाजासाठी लागतच नाही, तो काढून टाका. शाळेकडून मापांची यादी येते तिच्यात मुलांची नावं असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराखालच्या मुलांच्या माहितीला जास्त कडक संरक्षण आहे. शाळेला सांगा, नावं नकोत, इयत्ता आणि माप द्या. तुम्हाला तेवढंच हवं असतं.

विक्रेत्याशी करार करताना काय बघायचं?

- आपला सगळा डेटा एक्सेलमध्ये परत मिळेल हे लेखी हवं, सोडून जातानाही.
- पैसे वर्षाचे आगाऊ नकोत. एका सीझनचा करार.
- टॅलीशी जोडणी चालू करून दाखवा, ‘होईल’ नको.
- मे महिन्यात फोन उचलणारा माणूस कोण?

सुरुवात कधी करायची?

जुलै-ऑगस्टमध्ये, सीझन ताजा असताना. तेव्हा कोडची यादी करा, चलनं चढवा. सप्टेंबर-ऑक्टोबरात लपवलेल्या सीझनचा प्रयोग. गणवेशाच्या प्रदर्शनातलं बुकिंग आणि हिवाळ्यातल्या पहिल्या ऑर्डरी आल्या की अंदाज एकदा सुधारा आणि कापड मागवा. कापड मागवा, पण सगळं कापू नका. पांढरं शर्टिंग ताग्यात असेपर्यंत २२ ही होऊ शकतं आणि ४२ ही. कात्री लागली की संपलं. ज्या साइजबद्दल मास्तर आणि सॉफ्टवेअर दोघांचं एकमत आहे ती फेब्रुवारीपासून काढत राहा. वादातल्या आणि टोकाच्या साइजचं कापड मे महिन्यापर्यंत राखून ठेवा, रिपीट ऑर्डरींचा कल बघून कापा. त्यासाठी शेवटच्या तीन आठवड्यांत काही मशिनी मोकळ्या ठेवाव्या लागतील, आणि ते जिवावर येतं. पण अंदाजाचा खरा उपयोग इथेच आहे: काय आज कापायचं आणि काय थांबवायचं.

सॉफ्टवेअर आणि कटिंग मास्तर यांचं जमलं नाही तर कुणाचं ऐकायचं?

दोघांचे आकडे कटिंगच्या आधी एकाच कागदावर लिहा, तारीख टाका, मास्तरांची सही घ्या. फरक कुठे आहे ते बघा आणि मास्तरांना कारण विचारा. ‘त्या शाळेने यंदा पाचवीपासून फुल पँट केलीय’ असं काही ते सांगतील, तर ऐका आणि तीच गोष्ट सॉफ्टवेअरमध्येही घाला. ‘नेहमी असंच असतं’ एवढंच कारण असेल तर निम्मं-निम्मं करा. जुलैत तो कागद काढून तिसऱ्या रकान्यात खरी विक्री भरायची, मास्तरांना समोर बसवून.